पहिला थेंब

दोन पानं फाडून टोपलीत टाकली, हे तिसरं. दोन्हींवर ‘स्मरणशक्ती शाबूत असताना’ इथवर येऊन हात थांबला होता. म्हणून वाक्य बदलतो. मी, विंचवाच्या विषावर एकतीस वर्षं काम करून निवृत्त झालेला संशोधक, वय चौऱ्याहत्तर, पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. स्मरणशक्तीबद्दल कलम चार पाहावं. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर धाकट्या बहिणीला. तिने ते विकलं तरी हरकत नाही. मागच्या खोलीतले डबे हलवताना हातमोजे घालावेत. त्यांत जिवंत काही उरलेलं नाही, असं मला वाटतं.

२. बँकेतली ठेव भाचीला. अख्ख्या घराण्यात ती एकटीच ‘विंचू चावला’ असं न म्हणता ‘नांगी मारली’ म्हणते.

३. सूक्ष्मदर्शक कोणत्याही शाळेला द्यावा. माझ्यानंतर विभागप्रमुख झालेल्या गृहस्थांना मात्र देऊ नये. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझा विषय ‘कोळी’ असा सांगितला होता.

४. निळी वही चिमटीला. ती माझी सहायिका. विंचू इतक्या अलगद धरायची की सगळे तिला चिमटीच म्हणत. विंचवाच्या शेपटीला विजेचा हलका झटका दिला की आधी एक स्वच्छ थेंब येतो, मग दुधासारखं विष. दोन्ही वेगवेगळ्या नळ्यांत धरायचं, हा आमचा नियम. या दुधाळ विषात वेदना थांबवणारा घटक सापडला, असा निबंध मी छापला. इतरांना तो सापडेना. तो पहिल्या थेंबातला होता. आमच्या नळीत दोन्ही मिसळलं होतं. चौकशी समितीपुढे मी चिमटीचं नाव घेतलं. तिची नोकरी गेली. याला एकोणीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात ही वही सापडली. त्या प्रयोगाच्या तारखेला माझ्या अक्षरात आहे: ‘घाई. दोन्ही एकाच नळीत.’ चिमटीच्या नावापुढे ‘रजा’. पण मला ती त्या दिवशी खिडकीपाशी, हातात नळी घेतलेली, स्पष्ट आठवते. वहीवर विश्वास ठेवावा की डोक्यावर, ते कळत नाही.

इथवर लिहिलं आणि चिमटी आली. साक्षीदार म्हणून मीच बोलावलं होतं. तिने उभ्यानेच पान वाचलं.

“साक्षीला मीच सापडले का, सर?”

“तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही.”

“हो का? तेव्हा कुठे गेला होता हा विचार?”

मी वही उघडून ती तारीख तिला दाखवली.

“त्या दिवशी आईला दवाखान्यात नेलं होतं. समितीलाही सांगितलं, तुम्हालाही.”

“पण तू मला खिडकीपाशी दिसतेस.”

“रोज तिथेच असायचे ना मी. दुसरीकडे कुठे दिसणार?”

हे मला सुचलं नव्हतं. खरं असेल. तरी ती खिडकीपासून हलत नाही.

“आणि वही मला कधी मिळणार? तुम्ही गेल्यावर? तोवर मी काय करायचं, तुमच्या तब्येतीची चौकशी?”

तिने पान टेबलावर ठेवलं. “ज्याला काही मिळणार आहे, त्याने साक्ष करायची नसते. एवढं तरी विचारायचं वकिलाला.” चप्पल घालून ती गेली.

दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, वही आणि माझ्या चुकीचं पत्र संस्थेच्या कार्यालयात दिलं. पोच घेतली. त्या पोचेची एक प्रत चिमटीच्या हातात दिली. कलम चार दोन रेघांनी खोडलं आहे; रेघांवर माझी सही आहे. आता तिला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी (सही)
२. चिमटी, औषधाच्या दुकानात नोकरी (सही)

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: अकरा, बुधवार