शाळा मात्र तीच

प्रिय दादा,

तुझा फोन वाजत राहिला आणि मी मुद्दाम उचलला नाही. आधी मनातल्या मनात माझा कान पीळ आणि मग पुढे वाच. फोनवर तू "अगं, ऐक तर" म्हणालास की माझी बोलतीच बंद होते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा उद्योग.

तुझी भाची भिंगरी मजेत आहे. बूट पुन्हा लहान झालेत, आणि तोंडाचा पट्टा कोणाकडून घेतलाय ते तू सांगायची गरज नाही. शाळेच्या बँडमध्ये ती ट्रॉम्बोन वाजवते, ते पुढेमागे सरकणाऱ्या नळीचं पितळी वाद्य. तिच्या हातापेक्षा त्याची नळी लांब, त्यामुळे शेवटच्या सुराला ही अर्धी खुर्चीबाहेर असते. सराव कुठे करते माहीत आहे? माझ्या कामावर. हॉटेलच्या तळघरात, चादरी वाळवायच्या मोठ्या यंत्रांशेजारी. ती यंत्रं सुरू झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे तिने कितीही बेसूर वाजवलं तरी तक्रार करायला कोणी नसतं. माझ्या जोडीदारणी म्हणतात, ही आली की घड्या पटापट होतात.

आता जरा अवघड भाग. मालकाने इमारत विकली आणि आम्हा सगळ्या भाडेकरूंना बाहेर काढलं, इथवर तुला माहीत आहे. त्यानंतर "मैत्रिणीकडे आहोत" हे मी तुला जितके दिवस सांगत होते, त्यातले थोडेच दिवस खरे. तिच्या नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या आणि मी गाशा गुंडाळला. तेव्हापासून आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेघर कुटुंबांसाठीच्या निवाऱ्यात आहोत. खोली एक, कुटुंबं दोन, मध्ये पडदा. स्वयंपाकघर पाळीने मिळतं. भिंगरीचा पलंग वरचा आहे आणि तो मिळाल्याचा तिला माज आहे. रागावू नकोस. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी येऊन उभा राहिला असतास, आणि तेव्हा मला ते झेपलं नसतं.

शाळेला तरी मी कुठे सांगितलं होतं! कार्यालयातून नवा पत्ता विचारला तेव्हा माझ्याने "निवारा" म्हणवेना. मग तोंडाला आला तो पत्ता दिला: हॉटेलचा, तळघर, मागचं दार. अक्कल बघ माझी. निवाऱ्यातून दोन बस बदलून जायचं म्हणजे भिंगरीला रोज उशीर, आणि उशीर वाढले की शाळा घरी माणूस पाठवते. तशा एक बाई आल्या, थेट लॉन्ड्रीत! मी चादरींच्या ढिगाऱ्यात कंबरेपर्यंत बुडालेली, आणि आमचा मॅनेजर दारातून ओरडतोय, की तुझी मुलगी इथे राहते आणि हे मला कोणी सांगितलं नाही? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण हजेरीबाई (आम्ही त्यांना हेच नाव पाडलंय) ओरडल्या नाहीत. मॅनेजरला त्यांनी गोड बोलून घालवलं आणि कपड्यांच्या ढकलगाडीच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, कायद्याने घर गेलेल्या मुलाला आपल्याच शाळेत राहायचा हक्क आहे. कागदपत्रांसाठी त्याला अडवता येत नाही, आणि त्याला आणायची-पोचवायची सोय करणं हे शाळेचं काम आहे. फक्त तुम्हाला घर नाही हे तुम्ही सांगायला हवं, नाहीतर आम्हाला कळणार कसं? दादा, मी तिथेच, ओल्या चादरीत तोंड खुपसून रडले. लपवण्यात सगळी ताकद घालवत होते आणि मदत सांगण्यावरच अडली होती.

मुख्याध्यापक मात्र अडून बसले. माणूस वाईट नाही, पण त्यांचं एकच पालुपद: आता तुम्ही हद्दीबाहेर, निवाऱ्याजवळच्या शाळेत नाव घाला. आणि उद्या निवारा बदलला की? पुन्हा नवी शाळा, पुन्हा नवे चेहरे? ही शाळा सुटली असती, तर तिला तुझ्याकडे पाठवण्यावाचून मला मार्ग नव्हता. शाळा सुटायची वेळ आलीय, एवढंच मी तुला फोनवर सांगितलं होतं. हजेरीबाईंनी प्रकरण वर, शिक्षण खात्याकडे नेलं. निकाल लागेपर्यंत मूल आहे त्याच शाळेत बसतं, हाही नियमच, म्हणून भिंगरी बसली.

सुनावणीला लांबलचक टेबल, पलीकडे खात्याचे तिघं. मी उभी राहिले आणि म्हणाले, आम्हाला घर नाही. या वेळी वाक्य पूर्ण केलं. मग त्यांनी भिंगरीला विचारलं. ती आधी म्हणाली, मी गेले तर बँडच्या नव्या गाण्यात मधोमध भोक पडेल. तिघंही हसले. मग ती खाली बघून म्हणाली, "बाकी सगळीकडे मला विचारावं लागतं, हे कुठे ठेवू, ते घेऊ का. शाळेत मला काहीच विचारावं लागत नाही." मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

आपण जिंकलो, दादा! शाळा तीच, वर्ग तोच, आणि बस निवाऱ्याच्या दाराशी. बसवाल्या काकांची फेरी तिच्यापासून सुरू होते आणि तिच्यापाशीच संपते, म्हणजे ती कुठल्या दारातून आली हे कोणाला दिसतच नाही. अशा मुलांसाठी ही त्यांची पद्धतच आहे. पण आमची भिंगरी! तिने आपल्या मैत्रिणीला स्वतःच सगळं सांगून टाकलं. मैत्रिणीने एवढंच विचारलं, वरचा पलंग की खालचा?

आता पत्राचं खरं कारण. शनिवारी तू तिला तुमच्याकडे राहायला न्यायला येणार आहेस. मीच हो म्हटलं होतं, आणि फोन ठेवून उशीत तोंड दाबलं होतं. वहिनीने तिच्या खोलीला पडदे शिवलेत, हेही मला कळलंय. तुम्हा दोघांचं हे प्रेम मी जन्मभर विसरणार नाही. तेव्हा शनिवारी नक्की ये. संध्याकाळी शाळेत बँडचा कार्यक्रम आहे, पुढच्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवते. फक्त परतीचं तिकीट एकट्याचंच काढ.

तुझीच, आता फोन उचलणारी,
मिरची