रपट्यावरून परत फिरलेल्या

बोडीटोला, ता. साकोली
१८ जुलै २०२५

चि. भूपेंद्रले,
तुह्या मंदाकाकूचे अ. उ. आ. फोनवर बोलाव तं तुहे काकाजी बाजूलेच कान देऊन बसतेत, म्हनून चिठ्ठी लिहून राहिली. वाचली की फाडून टाक.

बाबू, तू सडकांच्या पाहणीचं काम करतं हे ठीक हाय, पन आपल्या एकोडीच्या सडकेवर तीन दिवस गाड्या मोजनार, हे तू काकाजीले काहून सांगतलं? वरून हेबी सांगतलं की गाड्या जास्त दिसल्या तं सडक आधी होते. झालं! आपला ट्रॅक्टर अन् शेजारच्या इश्वरचा ट्रॅक्टर, तीन दिवस टोला ते एकोडी, एकोडी ते टोला. ट्रॉलीत काय? काहीच नाही! ऐन धानाच्या रोवणीचे दिवस, चिखलनी सोडून हे घुमून राहिले. मी म्हटलं, भूपेंद्रची नोकरी जाईल. तं मलेच म्हनतेत का तुले काय समजते.

मले रुंद सडक नाही पाहिजे रे. नाल्यावरच्या, पावसात पान्याखाली जानाऱ्या रपट्याच्या जागी उंच पूल पाहिजे, बस. आपली डिंपल यंदा अकरावीले साकोलीले जाते. मांगच्या पावसात तिची एकतीस दिवस शाळा बुडाली. आता काकाजी म्हनतेत, पोरगी पान्यात घालाची नाही मले, कॉलेजातून नाव काढतो. त्याहीचं भेव खोटं नाही, पन पोरगी जेवत नाही अन् माहा जीव थाऱ्यावर नाही. काहीतरी कर.

काकूवर जीव असू दे,
मंदाकाकू


साकोली
२४ जुलै २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि. चिठ्ठी फाडली नाही. खुशबूने तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. बायको अशी असावी!

काकाजींचा पराक्रम मला आधीच कळला होता. बोनेटला लिंबू-मिरची बांधलेला लाल ट्रॅक्टर एका दिवसात चौदा वेळा लिहिलेला. सगळ्या खोट्या फेऱ्या मी माझ्या हाताने खोडल्या, काकू. ठेवल्या असत्या तर कागदावर तो जड वाहनांचा रस्ता ठरला असता, रुंदीकरणात तुमच्या धानाच्या बांधीचा काठ गेला असता, आणि रपटा तिथेच राहिला असता. पण खोडल्यावर आपला रस्ता यादीत शेवटून दुसरा आला.

तेव्हापासून मला चैन नाही. आमच्या तक्त्यात ट्रक, एसटी, फटफटी, सायकल, बैलगाडी, सगळ्यांना रकाना आहे. पायी चालणाऱ्याला नाही. आणि पाणी पाहून मागे फिरला तो तर आमच्या लेखी घरातून निघालाच नाही! रस्ता वाईट म्हणून माणसं जात नाहीत, आणि माणसं जात नाहीत म्हणून रस्ता करायचा नाही, हा कुठला न्याय? साहेबांशी भांडलो. ते म्हणाले, तारीखवार लेखी आणून दे, अहवालाला जोडतो. पंधरा ऑगस्टच्या आत.

तुमची रोवणी रपट्याशेजारीच आहे ना? कोण आलं, कुठे निघालं होतं, परत का गेलं, एवढं लिहाल? खरं तेवढंच लिहा, एकही नाव वाढवू नका. आणि काकाजींच्या कानावर जाऊ देऊ नका, हात जोडतो.

माझ्या खोडण्याचा राग आला तरी माया कमी करू नका,
भूपेंद्र


बोडीटोला
६ ऑगस्ट २०२५

चि. भूपेंद्रले,
अ. उ. आ. इश्वरच्या हाती वही पाठवून राहिली. वही डिंपलची, अक्षर माहं, हसू नको. दहा दिवस लिहिलं. त्यात सहा दिवस रपट्यावर पानी होतं. ट्रॅक्टर जातेत, मानूस कसा जाईल? ललिताबाई रोवता रोवता हाक मारून सांगे, कोन फिरलं ते.

परत गेले त्रेपन्न. पुष्पाबाईची सून लेकराले सुई द्याले निघाली, दोनदा परत. योगेंद्र दुधाची कॅन घेऊन तासभर उभा राहिला, दूध नासलं. मले वाटे कामाले गडी मानसंच जातेत. लिहाले बसली तं समजलं, परतनाऱ्या जास्त बायाच हायेत अन् शाळेच्या पोरी. डिंपलचं नाव सहादा लिहिलं.

अन् एक घोटाळा झाला. काल वही काकाजीच्या हाती पडली. सारी वाचली. आज सकाळी धुतलेला सदरा घालून, डिंपलचे कागद घेऊन निघून गेले. कुठं, ते सांगतलं नाही. मले लय भेव वाटून राहिलं. तुले दिसले तं थांबव त्याहीले.

घाईत लिहिलं, सांभाळून घे,
मंदाकाकू


बोडीटोला
८ ऑगस्ट २०२५

चि. भूपेंद्र यास,
भय्याजीकाकाचे आशीर्वाद. वि. वि. तुह्या काकूनं सारं सांगतलं. तू माहे ट्रॅक्टर खोडले, बरं केलं. मले राग आला होता, आता नाही.

परवा मी कॉलेजात गेलतो, डिंपलचं नाव काढाले. खोटं काहून बोलू? तिथल्या कारकून बाबूनं अर्ज देला. त्यात कारन लिहाचं होतं. मी लिहिलं, रपट्यावर पानी. बाबूनं वाचलं अन् विचारलं, काकाजी, यात पोरीचं काय चुकलं? सही केली नाही, उठून आलो.

तो अर्ज सोबत हाय. वहीले जोड, साहेबाले दाखव. सही नाही, पन कारन खरं हाय.

खुशबूनं मांगं म्हटलं होतं, पोरीले आमच्या घरी ठेवा. तवा मी नाही म्हटलं होतं, जवान पोरगी दुसऱ्याच्या घरी कशी ठेवू म्हनून. सूनबाईले माफ कर म्हनशील. पूल कधी होईल ते तुह्या साहेबालेबी माहीत नसल. उद्या डिंपलले तुह्याकडं आनून देतो. मायच्या आठवनीनं रडली तरी नाल्याले पानी असताना तिले इकडं येऊ देऊ नको. मी आलो अन् घेऊन जातो म्हटलं, तरीबी नाही.

तुहा,
भय्याजीकाका