मुरघासातली श्रावणी

सर, आज सिन्नरला पुतण्याच्या गोठ्यात गेलो होतो. हगवणीने कालवड आडवी झालेली, डॉक्टरांचं इंजेक्शन लागू पडत नव्हतं. फळीवर चाऱ्यातून द्यायच्या 'चांगल्या जिवाणूं'ची पाकिटं रचलेली. मी विचारलं, "यातल्या जिवाणूला औषध मारतं का, हे कुणी तपासलंय?" तो म्हणाला, "तात्या, पाकिटावर गाय छापलीय, हसतीय बी. अजून काय पाहिजे?" दोष पाकिटाचाच असेल असं नाही. पण तुम्ही आठवलात आणि तोंड कडू झालं.

तुमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत शिकत असताना वहिनीच्या गोठ्यामागच्या खड्ड्यातून मी मुरघास आणायचो, दाबून आंबवलेला मक्याचा चारा. "भावजी, लोकं गावाकडनं भाकर-ठेचा नेत्यात, तुम्ही सडका चारा नेताय!" ती हसायची. त्या आंबूस चाऱ्यातून मी जिवाणू वेगळे केले. तुम्ही नळ्यांना आकडे द्यायचात. मला शाळेतल्या कवितांचा नाद, मी नावं दिली. एकीचं श्रावणी. नाव लिहिताना वर्गात सगळ्यांनी एका सुरात म्हटलेल्या ओळी कानात घुमत होत्या. ती पोटातल्या आम्लात तगली, पित्तात तगली, हगवणीच्या जंतूंना तिने काचेच्या प्लेटवर वाढूच दिलं नाही. वहिनीची वासरं तेव्हा हगवणीनेच जात होती. मला वाटलं, मिळालं!

राहिली होती एकच तपासणी. प्लेट तुमच्या टेबलावर आहे. औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या, आणि त्यातल्या एकीला श्रावणी अगदी खेटून वाढलेली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता. "कविराज, हिला हे औषध मारत नाही. हा गुण हिने पोटातल्या रोगजंतूंना दिला तर? नळी वाफेत घाल, मारून टाक."

"सर, गावाकडे वासरं मरताहेत."

"मरू देत. उद्या औषधच चालेनासं झालं तर काय देशील, कविता?"

सगळे हसतात. नळी तुम्ही मलाच वाफेत ठेवायला लावता.

त्या वसुबारसेला वहिनीने गाय पुजायला घेतली. शेजारी वासरू नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, पिठाचं करून ठिवू का?" मी काय सांगणार होतो तिला? चकत्यांची गोष्ट?

तुम्ही बरोबर होतात. पुढे नोकरीभर मी मुलांना हेच शिकवलं, तुमच्याच शब्दांत, फक्त 'मरू देत' गाळून. पण 'बाकीचं काम चांगलं केलंस' एवढं तरी म्हणायचं होतंत, सर. आमच्या वर्गाच्या निरोपसमारंभाला तुमच्या खुर्चीमागे मी उगाच रेंगाळलो होतो. तुम्ही पेढा खाल्लात आणि हात पुसायला रुमाल मागितलात.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता कुठे उरलाय? तरी लिहितोय, तर खरं ते लिहितो. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मला तुमचं वाईट वाटलं नाही. ते 'चांगलं केलंस' आता कुणाकडून ऐकायचं, एवढंच मनात आलं.