त्या शुक्रवारचा भोंगा

प्रिय धाकले,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटली. म्हणून पत्ता तुझ्या लेकीकडून लिहून घेतला. एवढी लबाडी माफ कर. पुढे याहून मोठी एक सांगायची आहे, तिच्यासाठी माफी मागायचं धाडस माझ्याच्याने होणार नाही. अकरा वर्षं आपण एकाच गावात राहतोय आणि तू बाजारात समोरून दिसलीस की मी रस्ता बदलतो. तुला वाटत असेल, दादाला हार पत्करायची लाज वाटते. तसं असतं तर बरं झालं असतं. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतो. मध्येच राग आला तर पत्र बाजूला ठेव, घोटभर पाणी पी, पण परत हातात घे.

तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, माझा डावा कान जवळजवळ गेला आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सकाळी उठलो की पाय आपोआप पुलाकडे वळतात. पुलाच्या खांबावर रंगवलेली मापपट्टी वाचल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. वहिनी म्हणते, तुम्ही लग्न माझ्याशी केलंत आणि संसार नदीशी. गुरुवारी मी असाच पुलावरून परत आलो तर तुझी लेक दारात बसलेली. इस्पितळातून रात्रपाळी संपवून थेट आली होती. डोळे सुजलेले. घरात यायलाही तयार नव्हती. ‘मामा, आईला कुणीतरी सांगा,’ एवढंच आधी म्हणाली. तू सांगितलं आहेस ना, येत्या मंगळवारी बंधारा फुटणार, नदीकाठी कुणी थांबू नका. इस्पितळ नदीकाठी आहे. तिच्या विभागात मूत्रपिंडाच्या रोग्यांचं रक्त यंत्रावर शुद्ध करतात. त्यातल्या पाच जणांनी मंगळवारी येणार नाही असं कळवलं आहे. त्यांतल्या दोघांना एक खेप चुकवणंही झेपणारं नाही, हे तिला ठाऊक आहे. त्यांना समजवायला गेली तर त्यांनी तिलाच विचारलं, तू तिची मुलगी ना, मग तुझा विश्वास कसा नाही?

तुझं पहिलं भाकीत आठवतं का? तू सात वर्षांची होतीस. गणिताच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तू जाहीर केलंस की उद्या भूकंप होणार आणि शाळा जमिनीत जाणार. आईने तुला तशीच फरफटत शाळेत नेलं. शाळा होती तिथेच होती आणि तुला शंभरपैकी अकरा गुण पडले. मी कितीतरी वर्षं तुला त्यावरून चिडवत होतो. मग आई गेली आणि त्या वर्षापासून तुला ती स्वप्नं पडायला लागली. ती खोटी होती असं मी कधीच म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तू पहाटे घामाघूम होऊन उठून बसायचीस, हे मास्तर मला सांगायचा. तुझा नवरा झाला तरी तो आधी माझा शाळासोबती, त्यामुळे त्याच्या पोटात माझ्यापासून काही राहत नसे. सगळं गाव त्याला टेलरमास्तर म्हणायचं, म्हणून मीही. तू कुणाकडून कधी चहाचा कपसुद्धा घेतला नाहीस, हेही मला माहीत आहे. तू ढोंगी असतीस तर माझं काम सोपं होतं.

पण तुझ्या शब्दावर माणसं उठून चालू लागली, तिथे माझं डोकं फिरलं. अकरा वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठव. तू भूकंप सांगितलास आणि शंभरेक घरं दोन दिवस शाळेच्या मैदानात जाऊन बसली. आपल्याला वाचायला शिकवलं त्या बाई, वय ऐंशी, भर उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना उचलून न्यावं लागलं. त्या पुन्हा कधी चालल्या नाहीत. भूकंप झाला नाही. मी तुझ्या घरी येऊन नाही नाही ते बोललो आणि तू शांतपणे म्हणालीस, ‘दादा, झाला असता तर?’ त्या दिवसापासून तू माझी बहीण राहिली नाहीस. मला खोटं पाडायचं असलेली दुसरी बाजू झालीस. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं.

मग तो पाऊसकाळ. तीन आठवडे सूर्य दिसला नव्हता. तू सांगितलंस, शुक्रवारी नदी खालच्या गल्लीत शिरणार. बुधवारी गावसभा झाली आणि पूर नियंत्रण कक्षाचा प्रमुख म्हणून मला बोलायला उभं केलं. मी काय बोललो ते तुला शब्दन् शब्द पाठ असेल. ‘नदी आकडे वाचते, माझ्या बहिणीची स्वप्नं वाचत नाही. शुक्रवारी मी स्वतः खुर्चीवर बसलेला असेन. भोंगा वाजला नाही तर निवांत कामाला जा.’ सगळं सभागृह खदखदून हसलं. मागच्या भिंतीला टेकून मास्तरही हसला. तू वळून त्याच्याकडे पाहिलंस. मी व्यासपीठावरून ते बघत होतो आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.

आता शुक्रवार. मी सातला कक्षात पोचलो. वरच्या पुलावर आमचा एक निरीक्षक असायचा, तो दर तासाला पट्टी वाचून फोन करायचा. तिथलं पाणी आपल्या गावात यायला अडीच तास लागतात. नियम भिंतीवर चिकटवलेला होता: तासाभरात अर्ध्या मीटरहून जास्त चढ असेल तर कुणालाही न विचारता भोंगा वाजवायचा. सात वीसला चढ किरकोळ होता. आठ वीसला त्याने सांगितलं, एका तासात एक मीटर दहा. मी त्याला पुन्हा आकडा विचारला. त्याने पुन्हा तोच सांगितला.

भोंग्याचं बटण माझ्या टेबलापासून चार पावलांवर होतं. मी उठलोसुद्धा. आणि त्या चार पावलांत माझ्या डोळ्यांपुढे नदी आली नाही, तू आलीस. वाटलं, आज, शुक्रवारीच, माझ्या हाताने भोंगा वाजला, तर उद्यापासून या गावात तुझाच शब्द चालेल. पुढच्या खेपेला तू भूकंप म्हणशील आणि लोक गच्चीवरून उड्या टाकतील. बाईंची खुर्ची आठवली. मी परत बसलो. फोन उचलून निरीक्षकाला म्हणालो, पट्टीला ओंडका अडकला असेल, नीट बघ. पावणेनऊला तो भिजत जाऊन आला आणि म्हणाला, ओंडका नाही, साहेब, आणखी वीस सेंटीमीटर वाढलंय. मी म्हणालो, नऊ वीसचा आकडा येऊ दे, मग ठरवू. नऊ वीसचा आला. मी पेन्सिलीने आलेख काढत बसलो. मला तो चढ नसून चूक आहे असं सिद्ध करायचं होतं. आयुष्यात मी आकड्यांवर अविश्वास दाखवला तो त्या एकाच सकाळी, आणि तोही तुझ्यामुळे नव्हे, तुला खरं ठरू द्यायचं नव्हतं म्हणून. नऊ चाळीसला निरीक्षक फोनवर ओरडला, ‘साहेब, आता वाचू काय? पट्टीच दिसत नाही!’ तेव्हा मी धावलो. पावणेदहाला भोंगा वाजला.

दहा पन्नासला खालच्या गल्लीत पाणी शिरलं. लोकांना अडीच तास मिळायला हवे होते, तासभर मिळाला. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मास्तरने आधी समोरच्या चांभारकाकांना बाहेर काढलं, काकूंना पाठीवर घेऊन चढावर पोचवलं, आणि मग गिऱ्हाइकांचे कपडे काढायला तो दुकानात परत गेला. रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली असलेलं ते दुकान. बाहेर पाणी चढल्यावर दार आतून ढकलून उघडत नाही. चांभारकाका काठावरून हाका मारत राहिले.

चौकशी झाली. नोंदवहीत आठ वीसच्या रकान्यात मी रात्रीतून आधीचाच आकडा बसवला होता आणि मोठा चढ नऊ वीसचा दाखवला होता. निरीक्षकाने माझ्याकडे एकदाच पाहिलं, सही केली, आणि पुढच्या वर्षी बदली मागून निघून गेला. अहवालात लिहिलं, इशारा शक्य तितक्या लवकर देण्यात आला. मला शाबासकीचं पत्र मिळालं. ते मी फाडलंही नाही, लावलंही नाही.

आणि गावाने काय लक्षात ठेवलं? ऑफिस गाफील राहिलं आणि टेलरमास्तरच्या बायकोने दोन दिवस आधी सांगितलं होतं. मास्तरचा तेरावा दिवस उलटला नव्हता तेव्हापासून तुझ्या दारात माणसांची रांग लागली. धाकले, नीट विचार कर. मी आठ वीसला बटण दाबलं असतं तर दुकानं रिकामी झाली असती, माणसं चढावर बसून पाणी बघत राहिली असती, आणि लोक म्हणाले असते, चांगलं काम केलं ऑफिसने. तुझा शुक्रवार म्हणजे पावसातल्या गप्पांतली एक गोष्ट झाली असती. तुझं एकच भाकीत खरं ठरलं, आणि ते एवढं मोठं ठरलं ते माझ्यामुळे. ज्या शब्दासाठी मंगळवारी ती माणसं यंत्रावर जाणार नाहीत, त्या शब्दाला वजन मी दिलं. तू शुक्रवारच कसा म्हणालीस, ते मला आजही कळत नाही. तीन आठवड्यांच्या पावसात कुणीही पूर सांगेल, असं मी स्वतःला समजावतो. पण वार? ते मी सोडून दिलं आहे. तुझ्या स्वप्नांवर माझा विश्वास नाही, आणि माझ्या अविश्वासावर आता माझा तितकासा विश्वास राहिलेला नाही.

काल सकाळी कक्षात जाऊन मी नव्या प्रमुख बाईंना सगळं लेखी दिलं आहे. त्यांनी दोनदा वाचलं आणि मला पाणी विचारलं. सोमवारी ते वरिष्ठांकडे जाईल, मग वर्तमानपत्रात येईल. बंधाऱ्याचं म्हणशील तर मी काल त्यांच्या माणसांबरोबर तो टोकापासून टोकापर्यंत चालून आलो. तू म्हटलं नसतंस तर गेलो नसतो, हे कबूल. भेग नाही, गळती नाही, पाणी धोक्याच्या खुणेच्या दोन मीटर खाली आहे. बंधाऱ्यावर मंगळवारी दिवसभर माणूस बसवायला लावला आहे, आणि भोंग्याच्या बटणापाशी प्रमुख बाई स्वतः बसणार आहेत. त्या कुणाची बहीण नाहीत. त्या पाच जणांना तू स्वतः सांग, इस्पितळात जा. तुझंच ऐकतील.

पण वर्तमानपत्रात जे येणार नाही, ते सांगायला हे पत्र लिहिलं. गुरुवारी उठता उठता तुझी लेक म्हणाली, ‘मामा, आई वेडी नाहीये. ती म्हणते, हे मला हसले आणि गेले. आता दुसऱ्या कुणी हसून जाऊ नये म्हणून मी सांगत राहते.’ धाकले, तो हसून गेला नाही. त्या शुक्रवारी नऊ वाजता त्याने दुकानासमोरच्या टपरीवरून मला फोन केला होता. मी तो आवाज अकरा वर्षं कुणाला ऐकू दिला नाही. तो म्हणाला, ‘अरे, बुधवारी मी उगाच हसलो. ही सकाळपासून दारात बसली होती, दुकान उघडू नका म्हणून. किल्ली हातात घेऊन उभा आहे बघ, कुलूप काढायला हातच होत नाही. तू सांगशील तसं करतो. उघडू, की घरी जाऊन तिच्याजवळ बसू?’ आठ वीसचा आकडा माझ्यासमोर कागदावर होता. मी म्हणालो, ‘उघड.’

तुझाच,
दादा