कवळीला पाडलेली खिडकी

ती. आईंस,

पालथ्या जावयाचा साष्टांग नमस्कार. (या खेपेस हा नमस्कार नुसता रीत म्हणून नाही. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर सतरंजी टाकून खरोखरच पोटावर पडलो आहे आणि हनुवटीखाली उशी घेऊन लिहितो आहे. अक्षर वाकडं येईल. आयुष्यभर मुख्याध्यापिका होतात, तेव्हा लाल शाई जवळ घेऊनच वाचा.) तुमचा गुडघा कसा आहे? मेहुण्यांकडे जिना चढावा लागत नाही, हे एक बरं. इकडचं सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे. पण इकडे तुमची लेक माझ्याशी बोलत नाही. केर काढताना ती मला कपाटासारखा वळसा घालून जाते. कपाटाखालून निदान झाडू तरी फिरतो, माझ्या वाट्याला तेवढंही नाही.

झाल्या प्रकाराबद्दल मला लाज वाटते, हे एका ओळीत लिहून पत्र संपवता आलं असतं. पण एका ओळीत लाज मावत नाही, म्हणून मुळापासून सांगतो. कवळ्यांच्या कारखान्यात दिवसभर टेबलावर वाकून मेणात दात बसवता बसवता माझी मान पुढे गेली आणि पोट तिच्याही पुढे. डॉक्टरांनी व्यायामशाळेत धाडलं. तिथे सकाळी पोलादमास्तर असतात. ते वजनं उचलायला लावतात आणि ‘पोट आवळा!’ म्हणून ओरडतात. त्याच हॉलमध्ये, त्याच चटयांवर, संध्याकाळी मंदमास्तर श्वास आणि आतली शक्ती शिकवतात. ते ‘पोट सोडा...’ इतक्या हळू म्हणतात की मागच्या रांगेला ऐकूच येत नाही. (मागची रांग पोट आवळूनच बसते आणि तरीही शांत दिसते, हे मला पुढे फार खटकलं.) सकाळी एकाचं ऐकावं, संध्याकाळी दुसऱ्याचं, इतकी साधी गोष्ट. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी ठरवलं की दोन्ही एकदमच करायचं, म्हणजे वेळ वाचेल. मग खांद्यावर वजन असताना मी डोळे मिटून बेंबीखालची ऊब शोधायला लागलो, आणि ध्यानाला बसल्यावर पोटऱ्या कमवायला. एकदा मंदमास्तरांनी स्वतःचं ध्यान मोडून मला विचारलं, पायात गोळा आलाय का? मी त्यांना गूढ हसून दाखवलं.

अशा अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या माणसाच्या घरी तुम्ही गुडघ्याचं ऑपरेशन करून राहायला आलात. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या वाळूच्या पिशव्या घोट्याला बांधून तुम्ही सकाळी पाय उचलायचात, आणि दुपारी खिडकीपाशी खुर्चीत डोळे मिटून स्वस्थ बसायचात. त्या वेळी चहा विचारलेलासुद्धा तुम्हाला आवडायचा नाही. जे मला व्यायामशाळेची चटई झिजवून जमलं नव्हतं, ते तुम्ही कुणालाही न विचारता करत होतात. हे पाहून मी शिकायला हवं होतं. मी शिकवायला लागलो. तुम्हीही एकदा इतक्या अदबीनं, ‘जावईबापू, बरोबर होतंय ना माझं?’ असं विचारलंत की मी शिडी न लावताच हरभऱ्याच्या झाडावर चढलो. साऱ्या शाळेला चळचळा कापायला लावणाऱ्या बाई मला बरोबर-चूक विचारताहेत! त्या दिवशी कारखान्यात मी एका गिऱ्हाइकाच्या कवळीला सुळे उलटे बसवले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण त्यातलं एक माहीत नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं की शक्ती पाठीच्या कण्यातून वर चढते, माथ्यावरून पुढे येते आणि जिभेचं टोक टाळूला लावलं की जिभेवरून खाली छातीत उतरते. तुम्ही प्रामाणिकपणे करून पाहिलंत आणि म्हणालात, ओठांपर्यंत ऊब वाटते, खाली काही उतरत नाही. दुसरा कुणी ‘असू दे’ म्हणाला असता. पण मी पडलो कवळीवाला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: तुमच्या जिभेच्या आणि टाळूच्या मधे मीच बनवलेलं गुलाबी प्लॅस्टिक होतं! जगात इतके गुरू होऊन गेले असतील, पण हा अडथळा एकाच्याही लक्षात आला नसेल, असं मला वाटलं. (कुणी हा मूर्खपणा केला नसेल, असंही वाटायला हरकत नव्हती.) मी तुमची कवळी कारखान्यात नेली, टाळूच्या जागी बोटाच्या पेराएवढी खिडकी कापली, कडा चाकावर घासून गुळगुळीत केल्या आणि आणून दिली. तुम्ही ती लावलीत, जीभ टेकवलीत, आणि माझं मन राखायला म्हणालात, हो, आता उतरतंय.

जे माहीत नाही ते हे. वरची कवळी टाळूला घट्ट बसते ती टाळू झाकणाऱ्या तिच्या अखंड गुलाबी पाठीमुळे. मधे हवा शिरू दिली की ती टिकत नाही. हे आमच्याकडे नुसतं प्लॅस्टर कालवायला ठेवलेल्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळतं. मला ते कापायच्या आधी माहीत होतं, कापताना माहीत होतं आणि कापल्यावरही माहीत होतं. तुम्ही दोनदा म्हणालात की सैल वाटते आहे. मी चिकटवायची पावडर हातात ठेवली आणि सांगितलं की सैल वाटणं ही प्रगतीची खूण आहे. आई, हे लिहिताना माझे कान तापले आहेत. गुरुपद सोडवत नव्हतं हो.

मग शाळेतला तुमचा सत्कार. तुम्ही जिथे ‘श’ आणि ‘ष’ घोटून घेतलेत, तोच हॉल. तुमच्या हाताखालून गेलेली टक्कल पडलेली मुलं, नातवंडं झालेल्या मुली, सगळे ताठ बसलेले. मी पहिल्या रांगेत, तुमच्या लेकीशेजारी. तुम्ही काठीशिवाय चालत मंचावर गेलात. टाळ्या थांबेनात. आणि बोलायला उभं राहिल्यावर पहिल्यांदा काय सांगितलंत, तर या वयात माझा शब्द शुद्ध निघतो तो माझ्या जावयामुळे, हे दात त्यांनी केलेत. मला उठून उभं राहायची खूण केलीत. मी अर्धा उठलो, आणि नेमकी त्याच वेळी कवळी सुटली आणि समोरच्या पाण्याच्या ग्लासात पडली. माइक चालू होता, त्यामुळे पडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

हॉलमध्ये एकही माणूस हसला नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तुम्हीही माझ्याकडेच पाहत होतात. दोन ढांगांत मंचावर पोहोचता आलं असतं. रुमाल देता आला असता. कवळीवाला आहे, आडोसा धरून पुन्हा बसवूनही देता आली असती. मी काय केलं? खाली बसलो, पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. सगळ्या हॉलला वाटावं की हा माणूस ध्यानात आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही. इतके दिवस धडपडूनही न साधलेली शांत मुद्रा त्या वेळी अशी काही साधली की शेजारच्या बाईंनी मला चक्कर आली समजून वारा घातला.

तुम्ही दातांशिवाय भाषण पूर्ण केलंत, ते मी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. एकही वाक्य गाळलं नाहीत. डोळे उघडले तेव्हा तुम्ही मेहुण्यांच्या गाडीत बसला होतात, आणि तुमच्या लेकीचा चेहरा मी कशाला वर्णन करू, तुमच्यावरच गेली आहे.

दुसऱ्या दिवशी मेहुणे तुमची ट्रंक न्यायला आले. पश्चात्ताप दाखवायला मी ती एकट्याने उचलली. (पुस्तकं इतकी असतात हे ठाऊक नव्हतं.) पोट आवळायचं की सोडायचं, हे ऐन वेळी आठवेना, म्हणून अर्धं आवळलं आणि अर्धं सोडलं. कमरेत अशी उसण भरली की अजून उठवत नाही. मेहुणे मला ओलांडून ट्रंक घेऊन गेले. भला माणूस, ‘जपा’ म्हणाले.

मंदमास्तर आणि पोलादमास्तर दोघेही भेटून गेले. मला वाटलं आता एकमेकांवर खापर फोडतील, पण त्यांचं एकमेकांशी उत्तम जमतं असं दिसलं. दोघांनी मिळून माझ्यावरच फोडलं.

माझ्यावरचा राग ओसरायची घाई करू नका. तो ठेवूनच क्षमा करता आली तर पाहा.

आपला,
सतरंजीवरचा जावई

ता. क. - हाडांच्या डॉक्टरांनी मलाही पाय उचलायचा व्यायाम सांगितला आहे. तुमच्या वाळूच्या पिशव्या ट्रंकेबरोबर गेल्या. पाठवता आल्या तर पाठवा. आणि त्या बांधून तुम्ही नेमकं काय करायचात, तेही कळवा. इतके दिवस मी तुम्हाला शिकवत होतो, पण पाहिलं मात्र नव्हतं.

ता. क. दुसरा - वरचं सगळं लिहून झाल्यावर तुमची लेक पत्र वाचून गेली आणि पहिल्यांदा बोलली. म्हणाली, ‘आई कवळीबद्दल काहीच म्हणत नाही. फोनवर एवढंच विचारते, जावईबापूंनी डोळे का मिटले?’ मला वाटलं होतं की या प्रश्नाला बगल देऊन पत्र संपवता येईल. आई, मी भ्यालो. त्यापलीकडे त्यात काही नव्हतं.

नवी कवळी मेणात तयार आहे. पाठ अखंड ठेवली आहे. आडवा पडूनच केली, कारखान्यातून सामान मागवून घेतलं. पण शेवटचे दात बसवायला तुम्ही समोर हव्यात. मेणात चावायचं असतं, आणि तुम्ही चावत असताना मला वीतभर अंतरावरून तुमच्याकडे बघत राहावं लागतं. डोळे मिटून ते काम होत नाही. याल का?