घर निधीच्या नावे

मी, भानुमती संघपाल गजभिये, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार सेक्टर १६, फरीदाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. शुद्ध आणि स्मरण शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. पती संघपाल रेल्वे मंत्रालयात होते, वारले. मुलगा सुगत तीन वर्षांपूर्वी नोएडाच्या ऑफिसात छातीत दुखून गेला. फ्लॅट त्याची पत्नी निधी हिला मिळावा. तिने पुन्हा लग्न केले तरी तो तिचाच. अमरावतीचे पुतणे हक्क सांगतील. सुगतच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच त्यांनी फ्लॅटचे कागद कुठे आहेत, असे निधीसमोर विचारले होते. ते गेल्यावर ती म्हणाली, "मम्मी, मैं मायके चली जाऊँ?"

मी म्हटलं, "चहा टाक." तेवढंच सुचलं. ती राहिली.

२. पदवी मराठीची, पण मुलांअभावी शाळेतला मराठीचा वर्ग बंद झाला, म्हणून अठ्ठावीस वर्षे हिंदी व्याकरण शिकवले. कविता वऱ्हाडीत लिहिल्या, उत्तरपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. दोन संग्रह निघाले. त्यांचे हक्क निधीला. ती अडखळत वाचते आणि अर्थ विचारते. सुगतने कधी विचारला नाही. त्याच्यानंतरची वही कोरी आहे. तीत काही सापडेल म्हणून शोधू नये.

३. माझ्या शोकसभेत कविमित्र अविनाश यांना बोलू देऊ नये. सुगतच्या शोकसभेत त्यांनी त्याच्यावर कविता वाचली. त्याला ते दोनदाच भेटले होते. कवितेत तो चंदनासारखा झिजला. सुगतला चंदनाच्या वासाने शिंका येत. लोक रडले. मला काही झाले नाही, अजून होत नाही.

४. देहदानाचा अर्ज भरलेला आहे. इस्पितळाला कळवावे.

५. काल मसुदा करताना निधी शेजारी बसली होती. साक्षीदार म्हणून मी तिच्या ऑफिसातल्या जयदीपचे नाव सांगितले. तोच आम्हाला गाडीतून घेऊन आला होता. वकील सुखदाताई म्हणाल्या, "ज्यांना घर मिळणार, त्यांच्या नात्यातलं कुणी नको."

"अजून नात्यात नाही," मी म्हटलं. "पण होईल. मग दुसरं नाव घाला."

निधीने विचारलं, "आपको कब से पता है?"

"होळीपासून. त्याला आत बोलाव. बाहेर ऊन आहे."

वरील मजकूर मी स्वतः वाचला. बदल नाही.

सही: भानुमती संघपाल गजभिये

आमच्यादेखत सही केली:
१. डॉ. मैत्रेयी देशपांडे
२. गुणवंत रामटेके, शेजारी

फरीदाबाद, २१ मे २०२५