आपलेच दात, आपलेच ओठ

३ फेब्रुवारी

रुजू झाले! दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवत होते. लॅब म्हणजे एक लांबट खोली, मोठाले दिवे आणि जिकडेतिकडे प्लास्टरचे जबडे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही कवळी करतो. माझं काम मेणात एकेक दात लावायचं. हे शिकले त्याला किती वर्षं झाली, मधला सगळा काळ दुकानात पावत्या फाडण्यात गेला. हात विसरले असतील अशी धास्ती होती. नाही विसरले!

नोकरी मामामुळे मिळाली. आईचा धाकटा भाऊ, लॅबमधला सगळ्यात जुना माणूस. तिथं त्याला सगळे मास्तर म्हणतात, मीही तसंच म्हणायचं ठरलंय. दोनदा तोंडातून ‘मामा’ निघालं, तर पॉलिशवाल्या काकू मशीन बंद करून हसल्या.

पगार दर पाच तारखेला. पहिला हातात आला की खोलीचं डिपॉझिट भरायचं.

९ फेब्रुवारी

आईला खोली दाखवून आणली. शिंप्याच्या दुकानावर आहे, लॅबला चालत जाता येईल. भिंतीला ओल, नळ दोनदा पिळल्याशिवाय बंद होत नाही. पण दार आहे — आतून कडी लागणारं! आमच्या घरात बाथरूम सोडलं तर कडी लागणारं दार नाही. आई आणि मी एकाच खोलीत झोपतो. मी कूस बदलली की लगेच अंधारातून, “काय झालं गं?” काही झालेलं नसतं. कूस बदललेली असते.

घरमालकीण म्हणाली, ओलीचं काम काढायचंय, तोवर तुमच्यासाठी थांबते.

येताना बसमध्ये आई खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, आता रडारड. पण घरी आल्यावर म्हणाली, “जा हो खुशाल. मी काय कुकुलं बाळ आहे?” आणि माझ्यासाठी दोन पातेली आणि एक नवी चादर बांधून कोपऱ्यात ठेवली. उगाच तिच्यावर संशय घेतला.

५ मार्च

पगार नाही!

मालक पाकिटं मामाकडे देतात आणि तो टेबलाटेबलाशी जाऊन वाटतो. माझ्या टेबलावरून तो तसाच पुढे गेला. मग बाजूला घेऊन म्हणाला, नव्या माणसाचं थोडं मागेपुढे होतं, आठवड्यात होईल. मालकांना विचारायला जाऊ नकोस, मी शब्द टाकून तुला आणलंय, माझी मान खाली जाईल.

बरं बाबा. तुझी मान वर राहू दे.

आई मालकावर जाम उखडली. “मेल्याचे दात त्याच्याच घशात जावोत,” म्हणाली. मी म्हटलं, मग कवळी आम्हालाच करावी लागेल, आणि तिचे पैसेही तो देणार नाही. दोघी हसलो.

१४ मार्च

आठवडा होऊन गेला. मूग गिळून गप्प आहे.

१९ मार्च

आज बसच्या भाड्यापुरतेही पैसे नव्हते. आईजवळ मागायची लाज वाटली, शिवणकामावर ती किती ओढणार? मामाला कसं कळलं कोण जाणे, जेवणाच्या सुट्टीत त्यानं नोटांची घडी माझ्या डब्याखाली सरकवली. पगार झाला की दे म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाप गेल्यापासून असं न मागता कुणी दिलं नव्हतं. त्याच्या वाटणीचे साचे मीच घासून ठेवले. उसन्याला निदान एवढं तरी करावं.

तो स्वतः हल्ली चालत येतो. गुडघे मोकळे होतात म्हणे.

५ एप्रिल

परत तेच. पाकिटं आली, वाटली गेली, मला नाही. मामा माझ्याकडे न बघताच म्हणाला, “दोन्ही मिळून एकदम देतील.”

घरी येऊन चपला भिरकावल्या. उद्या थेट मालकाच्या केबिनमध्ये जाते म्हटलं. दात-ओठ खात किती दिवस बसायचं? आईनं मनगटच धरलं. “एवढं करू नकोस. त्याच्या नोकरीवर येईल. माझा एकुलता भाऊ आहे.” हात गार पडला होता तिचा. मग काय, गेले नाही. मामानं पुन्हा थोडे पैसे दिले. मी पुन्हा उपकाराखाली.

१२ एप्रिल

कोपऱ्यातलं बोचकं सुटलंय. नवी चादर आमच्या गादीवर! विचारलं तर आई म्हणाली, नुसती पडून कुबट वास येतो, तू जाशील तेव्हा धुऊन देईन. पातेली पण वापरात आली आहेत. खोलीचं काय झालं, हे मात्र एक दिवसाआड विचारते. तिलाही घोर लागलाय बिचारीला.

२२ एप्रिल

मालकाच्या आईची कवळी करायची आहे, आणि ती माझ्याकडे दिली आहे. मामानंच सांगितलं, हिचा हात हलका आहे.

म्हातारी स्वतः आली होती माप बघायला. तोंडाचं पार बोळकं. हसली आणि म्हणाली, “घरात सगळे जेवून उठतात तरी माझा पहिला घास चालू असतो बघ.” गोड आहे. पण लेक तिचाच! माझे दोन पगार दाबून ठेवणारा. एक दात केसभर उंच ठेवला, की जेवताना टोचत राहील, कुणाला कारणही कळणार नाही. तिच्या प्रत्येक घासाला त्याला ऐकून घ्यावं लागेल. हा विचार मनात घोळवत संध्याकाळपर्यंत मेण तापवत बसले. खोटं कशाला लिहू, मजा वाटली.

२९ एप्रिल

नीट बसवली कवळी. तिनं काय माझं घोडं मारलंय? शिवाय वाईट काम करायला हातच होईना.

५ मे

नाही.

६ मे

खोली गेली.

घरमालकिणीनं दुकानातल्या शिंप्याच्या मेहुण्याला दिली. ओलीचं काम कधीच संपलं होतं, किती थांबायचं म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. आईला सांगितलं तर तिनं मला पोटाशी धरलं, खूप वेळ. म्हणाली, “होतं ते बऱ्यासाठीच.” मला ते ऐकवेना, पण सोडवूनही घेतलं नाही.

७ मे



मालक सकाळी माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या आईनं म्हणे काल पोटभर खाल्लं, वर भांड्यातलं उरलेलंही मागितलं. आपण तुमची बढती लवकर करू, म्हणाले. आणि जाता जाता, “मास्तरांकडे तुमचं पाकीट देतो ते वेळेवर मिळतं ना? तिन्ही मिळाले?”

माझी दातखीळ बसली. मान हलवली. कशी, ते त्यांनाच ठाऊक.

मामा प्लास्टर कालवत होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, माझे पगार कुठे आहेत. तो म्हणाला, आहेत. कुठे आहेत? गप्प. कालवलेलं प्लास्टर भांड्यात घट्ट होत गेलं तरी गप्प!

“चोर आहेस तू,” मी म्हटलं. मास्तर नाही, मामा नाही, काही म्हटलं नाही. काकूंनी मशीन बंद केलं. मामा एवढंच म्हणाला, “घरी ताईवर ओरडू नकोस.”

बहिणीला कळायची भीती! माझी नाही.

८ मे

केसानं गळा कापला माझा. परक्यानं बुडवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. पण यानं माझेच पैसे मला उसने दिले! आणि मी रडले. त्याचे साचे घासले. मालकाच्या निष्पाप आईचा घास कडू करायला निघाले होते. माझी खोली गेली ती याच्यामुळे.

आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता भावाच्या नावानं बोटं मोडेल. मालकाला कशा शिव्या घातल्या होत्या! तर ती भाजी निवडत म्हणाली, “आपलेच दात, आपलेच ओठ. जाऊ दे.”

जाऊ दे? माझं काहीच मोल नाही का हिला? भाऊ तेवढा सोन्याचा!

१० मे

काकूंनी डब्याच्या वेळी आणखी एक सांगितलं. मास्तरांनी मार्चमध्ये मालकांकडून उचल घेतली, एप्रिलमध्येही घेतली. म्हणजे माझे खाल्ले ते खाल्ले, वर उचल! हावरट माणूस. दोन दिवस माझ्याशी नजर मिळवत नाही. मालकांनी विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं, त्यांच्यासमोर मान हलवून मी मूर्खपणा केला.

घरी येऊन आईला सांगून टाकलं, उद्या मालकांना सगळं सांगणार. त्याची नोकरी जायची तर जाऊ दे. यावेळी मनगट धरलंस तरी ऐकणार नाही.

तिनं धरलं नाही. जेवलीही नाही.

११ मे

लॅबला निघत होते. आईनं शिवणाच्या पेटीतून तीन पाकिटं काढून माझ्यासमोर ठेवली. तिन्ही बंद. वर मामाच्या अक्षरात माझं नाव.

“मोजून घे,” म्हणाली. “एक नोटही मोडलेली नाही. मीच घ्यायचे त्याच्याकडून. तो नको नको म्हणत होता. तुझ्या हातात पैसे पडले असते तर तू गेली असतीस.”

म्हणजे उसने दिले ते मामाचेच होते. उचल घेऊन दिलेले.

हे बाथरूममध्ये बसून लिहिते आहे, कडी लावून. आई बाहेरून विचारते आहे, “काय झालं गं?”